सेल सोपा, पेशी अवघड?

इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्याने संध्याकाळी चालत निघालं, तर नीट, जेईई आणि सीईटी या तीन शब्दांपलीकडे फलकांवर वाचण्यासारखं फारसं काही सापडत नाही. या क्लासांमध्ये, आणि त्यांची फी भरणाऱ्या घरांमध्ये, एक समजूत पक्की बसली आहे. विज्ञानातले मराठी शब्द म्हणजे पोरांच्या डोक्यावर नसतं ओझं. ‘पेशी’ कशाला? सरळ ‘सेल’ म्हणा. सोपं, सुटसुटीत, पुढे उपयोगी. असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पोराचं भलं व्हावं म्हणूनच ते बोलतात. पण ते बोलतात ते चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

‘सेल’ उच्चारायला सोपा, हे कबूल. अर्थाचं काय? बारावीचा एखादा विद्यार्थी घ्या. जीवशास्त्राच्या तासाला सेल म्हणजे सजीवाचा सगळ्यात लहान घटक. पुढच्या तासाला भौतिकशास्त्रात सेल म्हणजे वीज देणारी वस्तू. रसायनशास्त्रात तर दोन आहेत: एक विद्युतरसायनातला आणि दुसरा स्फटिकाच्या रचनेतला ‘युनिट सेल’, ज्यात ना जीव असतो ना त्यातून वीज मिळते. या सगळ्याची परीक्षा घेणार सीईटी सेल. घरी यावं तर भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपलेला, काकांना कुठल्यातरी पक्षाच्या कुठल्यातरी सेलचं पद मिळालेलं, आणि आई सांगते की मेन रोडला साड्यांचा सेल लागलाय. हा शेवटचा इंग्रजीत वेगळाच शब्द आहे, स्पेलिंगही वेगळं. पण आपल्या कानाला आणि देवनागरीला त्याचं काय सोयरसुतक!

मराठीत यातल्या बहुतेकांना वेगवेगळे शब्द आहेत. पेशी, घट, कक्ष, आघाडी, आणि तुरुंगातली असेल तर कोठडी. सीईटी सेलचं सरकारी नावसुद्धा ‘राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष’ असंच आहे. त्यातही ‘घट’ हा शब्द मला फार शहाणा वाटतो. ज्या घरात नवरात्रात घट बसतात, तिथल्या मुलाला भांडं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही; त्या भांड्यात द्रव भरायचा, दोन धातूंच्या पट्ट्या बुडवायच्या, की झाला विद्युतघट. असे अनेक घट जोडले की घटमाला, म्हणजे बॅटरी. रचना शब्दातच दिसते. इंग्रजीतली ‘बॅटरी’ तोफांच्या रांगेवरून आली, हे शिकवणाऱ्यांपैकी किती जण सांगतात? (आपण तर टॉर्चलाच बॅटरी म्हणतो आणि त्या बॅटरीत सेल घालतो.)

इथवर वाचून भाषाभिमानी मंडळी खूश झाली असतील, तर त्यांनी थोडं थांबावं. इंग्रजीने एकाच शब्दाला इतकी कामं लावली, यात गबाळेपणा नाही. लॅटिन ‘सेला’ म्हणजे लहानशी खोली. मठातल्या साधूची खोली ती सेल, कैद्याची ती सेल. १६६५ साली रॉबर्ट हुकने आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या पातळ कापाचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ओळीने रिकामे कप्पे दिसले, आणि त्याने त्यांना तेच नाव दिलं. सुरुवातीच्या बॅटऱ्यांमध्ये लाकडी पेटीचे कप्पे करून त्यांत द्रव भरत, तो एकेक कप्पा म्हणजे सेल. मोबाइल कंपन्यांनी शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला मनोरा दिला, ते विभागही सेल. म्हणून तर फोनही सेल्युलर आणि बाबाराव व विनायक सावरकरांना जिथे ठेवलं, तो अंदमानचा तुरुंगही सेल्युलर. भगूरच्या शेजारी राहणाऱ्या नाशिककराला एवढं तरी माहीत हवं.

म्हणजे शब्दाच्या पोटात एक चित्र आहे: ओळीने मांडलेल्या खोल्या. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला ते आयतं मिळण्याची शक्यता असते. आपल्या मुलाला ‘सेल’ हा नुसता आवाज मिळतो. व्याख्या पाठ, आकृतीला नावं, गुण मिळाले, विषय संपला. मराठी शब्द काढून घेतला आणि इंग्रजी शब्द खऱ्या अर्थाने दिलाच नाही, याला सोपं करणं म्हणायचं?

गंमत अशी, की ते चित्र इंदिरानगरपासून फार लांब नाही. पाथर्डी फाट्याच्या पुढे त्रिरश्मी लेणी आहेत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मधे मोठं दालन आणि तीन बाजूंनी भिक्षूंच्या १८ लहान खोल्या आहेत. इंग्रजी पुस्तकांत त्यांना सेल म्हणतात. दहाव्या लेण्याच्या ओसरीतल्या खोलीच्या दारावर कोरलेलं आहे की ही खोली दक्षमित्रेने दान दिली. ती नहपान क्षत्रपाची मुलगी, उषवदाताची बायको. त्या प्राकृत लेखात खोलीला शब्द आहे ‘ओवरक’. देवळाच्या आवारातली आपली ओवरी ती हीच. हुकच्या सेलला मराठी प्रतिशब्द सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात कोरून ठेवलेला होता. तो कुणी उचलला नाही, आणि आता उचलावा असंही मी म्हणत नाही. पण लेणी बघायला जाणाऱ्या सहलीत इतिहासाच्या शिक्षकांबरोबर जीवशास्त्राच्या शिक्षकांनीही जावं. पेशी म्हणजे काय, ते तिथे पाच मिनिटांत सांगून होईल.

‘पेशी’ हा शब्दही निर्दोष नाही. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचे स्नायू. हिंदीने तो अर्थ ठेवला: त्यांची मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका. हिंदी व्हिडिओ बघून नीटची तयारी करणारं मराठी पोर इथे हमखास ठेचकाळतं. तरीही पेशी टिकली, कारण लोकांनी ती वापरली. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की ‘पेशी किती झाल्या?’ असं दवाखान्याच्या बाकावर जो तो विचारतो. विचारायचं असतं प्लेटलेटबद्दल, ज्या काटेकोर अर्थाने पूर्ण पेशी नव्हेतच, पण शब्द जिवंत आहे. तो परिभाषा कोशातच कुजत पडलाय, हा आरोप धादांत खोटा.

आता किंमत कोण मोजतं ते पाहू. विदर्भात आणि नंदुरबार-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, मुदत २०४७ची. तांबडी रक्तपेशी एरवी गोल असते, या आजारात ती विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणसाला असह्य वेदना होतात. ‘सिकल’ म्हणजे विळा. सुरगाण्याच्या नागलीच्या शेतात ज्या बाईच्या हातात रोज विळा असतो, तिला आपण सांगतो, ‘तुमच्या मुलाला सिकलसेल आहे.’ दोन्ही शब्द तिच्यासाठी बंद दारं. सेल तिला माहीत आहे तो टॉर्चमधला.

पुढे तिला सांगायचं असतं ते जास्त नाजूक आहे. आई आणि बाप दोघेही ‘वाहक’ असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. ‘वाहक’ हा मात्र आपल्या भाषा खात्याचा उद्योग: एसटीत तिकीट फाडणारा तो वाहक, आणि आजार स्वतः फारसा न भोगता पोरांकडे पोचवणारा तोही वाहक. म्हणजे नुसता मराठी शब्द ठेवून भागत नाही. तो कुणाशी बोलताना वापरायचा आहे, हे बघावं लागतं. ‘रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या होतात, आणि तुमच्या दोघांच्याही रक्तात त्याचा अर्धा वाटा आहे,’ असं सांगायला कुठलाही कोश लागत नाही. सांगणारी नर्स मात्र अशा शाळेतून आलेली हवी, जिथे ‘सेल’ शिकवताना ‘पेशी’ पुसून टाकली नव्हती. आज इंदिरानगरच्या क्लासात बसलेल्यांपैकी काही जण दहा वर्षांनी पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात त्या खुर्चीवर असतील.