नाव तुमचं, मग वहीही तुमचीच हवी

दसऱ्याला दारातला ट्रॅक्टर धुवून-पुसून उभा केला जातो. बॉनेटवर हळदीकुंकू, पुढे झेंडूची माळ, चाकापाशी फोडलेला नारळ. ही सगळी पूजा घरातली बाईच मांडते. पण बॉनेट उघडून आत काय आहे हे बघायची वेळ तिच्यावर सहसा येत नाही. आणि येते तेव्हा ती अडचणीचीच वेळ असते.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावांमधून लहान ट्रॅक्टर बरेच दिसू लागलेत. पंधरा-वीस ते पंचवीस अश्वशक्तीचे. द्राक्षबागेच्या दोन ओळींतून जाणारे, डाळिंब-संत्र्याच्या बागेत फवारणीचा ब्लोअर ओढणारे, कपाशीत कोळपणी करणारे. यातले कितीतरी ट्रॅक्टर बाईच्या नावावर घेतलेले असतात. त्याला कारणही आहे. केंद्र सरकारने २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचं जे उपअभियान सुरू केलं, त्यात महिला शेतकऱ्यांना ठरावीक कमाल मर्यादेत किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनाही तेवढंच. इतरांना मात्र ४० टक्के. साहजिकच घरात चर्चा होते आणि ठरतं, 'हिच्या नावावर घेऊ.' आरसी बुकावर नाव तिचं, कर्जाच्या कागदावर सही तिची. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

जमिनीच्या बाबतीतही आपण हेच पाहिलं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तेव्हा हजारो शेतकरी बायका तिथं आल्या होत्या. पुढे त्याच चळवळीतून 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. नवऱ्याने थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करावी, एवढं साधं तिचं म्हणणं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आपल्या राज्याने १९९४ साली आणि सगळ्या देशासाठी केंद्राने २००५ साली कायद्यात आणला. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायकांचं प्रमाण होतं जेमतेम १४ टक्के. म्हणजे कागदावर नाव येणंच मुळात किती अवघड! ते आलं, की आपल्याला वाटतं, झालं. पण कागद हा पहिला टप्पा झाला. ज्या वस्तूवर आपलं नाव आहे, तिचं काय चाललंय हे आपल्याला कळतं का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

हा प्रश्न आला दिवस कसाही गेला तरी चालतं अशा घरात उठत नाही. तो उठतो तो धनी कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या घरात. किंवा ज्या घरात तो आता नाहीच, तिथं. कालपर्यंत भाकरी बांधून देणारी बाई एका दिवसात शेतीची, कर्जाची आणि ट्रॅक्टरचीही मालकीण होते. मग रोजंदारीवर ड्रायव्हर ठेवावा लागतो. ऑईल शेवटचं कधी बदललं, हे त्याला ठाऊक नसतं आणि तिलाही नसतं. जून महिना, पाऊस पडून गेलेला, शेतात वापसा आलेला, पेरणीला हातात दोन-चारच दिवस, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर बसतो. वापसा कुणासाठी थांबत नाही. कर्जाचा हप्ताही थांबत नाही. इंजिन खोलायचा खर्च वेगळाच. आणि या सगळ्याचं मूळ बरेचदा एवढंसंच असतं, वेळेवर न बदललेलं ऑईल आणि धुळीनं बुजलेला फिल्टर.

म्हणूनच आज थोडं या ऑईल-फिल्टरबद्दल बोलू या. हे काम अवघड नाही. त्याला ताकदीपेक्षा लक्ष, स्वच्छता आणि नेम लागतो. आणि या तीन गोष्टी आपल्याला कुणी शिकवायला नकोत.

ट्रॅक्टरचं वय दिवसांत नाही, तासांत मोजतात. समोर काट्यांच्या तबकडीत एक आकड्यांचं मीटर असतं, तो तासांचा हिशेब. नव्या ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल साधारण पहिल्या ५० तासांनी बदलतात आणि पुढे बऱ्याच कंपन्या २५० तासांचा नेम सांगतात. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा सोबत आलेल्या पुस्तकात असतो, तोच खरा मानायचा. २५० तास म्हणजे किती? हंगामात रोज चार तास ट्रॅक्टर चालला, तर जेमतेम दोन महिने! पुष्कळ घरी 'वर्षातून एकदा बदलतो की' असं सांगतात, ते म्हणूनच पुरेसं नसतं.

ऑईल बघायची एक काठी इंजिनाच्या बाजूला असते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना ती काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि काढून बघायची. काठीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. खाली असेल तर घाला. वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेही वाईटच. न घालता पातळी वाढली असेल, तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असल्याची शंका घ्यावी. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजावं आणि ट्रॅक्टर सुरू न करता मिस्त्रीला बोलवावं. एक गैरसमज मात्र काढून टाकू या. तळणीचं तेल काळं पडलं की आपण ते टाकतो, पण डिझेल इंजिनात नवं तेलही थोड्याच तासांत काळं पडतं. इंजिनातली काजळी ते आपल्यात धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. म्हणून रंगावरून नाही, तासांवरून ठरवायचं.

बदलताना इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करावं, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. मग इंजिन बंद, किल्ली काढून आपल्या कमरेला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगडाची ओट, आणि मागे जोडलेलं औजार जमिनीवर टेकवलेलं. खालचा नट पान्याने सैल करून तेल घमेल्यात सोडायचं. ते अंगावर येऊ शकतं, म्हणून जरा बाजूला बसावं. फिल्टर फिरवून काढला, की त्याची जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बघावं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने तेल लावून तो हातानेच घट्ट बसवावा, पान्याने आवळू नये. खालचा नट नीट लावून नवं तेल घालावं, तेही पुस्तकात सांगितलेल्या नंबरचंच. मिनिटभर इंजिन चालवून बंद करावं, थोडं थांबून काठी पुन्हा बघावी आणि खाली कुठं गळती नाही ना, हेही. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर हे काम अधिकृत सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्यावं आणि पावती जपून ठेवावी. पण जवळ उभं राहून बघायला कुणाची आडकाठी आहे?

इंजिनाला श्वास लागतो आणि आपल्या काळ्या मातीत रोटाव्हेटर फिरला की धुरळा किती उडतो ते सांगायला नको. एअर फिल्टरचे दोन प्रकार असतात. एकाच्या तळाशी तेलाची वाटी असते. त्या वाटीत गाळ साचला की जुनं तेल काढून, वाटी धुवून-पुसून नवं तेल खुणेपर्यंत घालायचं. धुळीच्या दिवसांत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. दुसरा कागदी. तो टायरवर आपटू नये आणि पुस्तकात सांगितलं नसेल तर धुऊही नये. आतून बाहेर हलक्या हवेने झटकावा आणि मुदत झाली की बदलावा. फाटका फिल्टर पुन्हा बसवणं म्हणजे फाटक्या गाळणीतून चहा गाळणं. फरक एवढाच, की इथं गाळ इंजिनाच्या पोटात जातो.

डिझेलचंही तसंच. कॅनमध्ये आणलेलं डिझेल थोडा वेळ स्थिर राहू द्यावं, जाळीच्या नरसाळ्यातून घालावं आणि तळाचं घालूच नये. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवली, तर रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीत पाण्याचे थेंब धरत नाहीत. डिझेल फिल्टर बदलल्यावर आत हवा राहते आणि इंजिन लवकर सुरू होत नाही. ही हवा काढायची रीत मिस्त्रीकडून एकदा शिकून घ्यावी. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतलं तर बंबात धरतो तसा क्षाराचा थर धरतो, म्हणून सांगितलेलं कूलंटच वापरावं. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, वाफेनं चेहरा-हात भाजतात. गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल खूप लागतं, महागही असतं, ते मिस्त्रीकडेच सोपवावं. पण भाताच्या चिखलणीनंतर त्या तेलाची काठीही ओढून बघावी. दुधाळ दिसलं तर चिखलाचं पाणी आत गेलंय.

कपड्यांचं एक सांगते. पदर खोचलेला, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. इंजिन किंवा पीटीओ चालू असताना जवळ वाकायचंच नाही. लेकरं लांब ठेवायची. हातात मोजे घालावेत, कारण जळकं ऑईल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर त्यातून कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. हेच ऑईल नाल्यात, उकिरड्यावर, विहिरीच्या आसपास ओतणं तर अजिबात नको. तेच पाणी पुढे आपल्या हंड्यात येतं. ते झाकणाच्या डब्यात साठवून, जो गॅरेजवाला ते पुन्हा प्रक्रियेसाठी देतो, त्याच्याकडे द्यावं.

आता कुणी म्हणेल, 'बाईला आधीच काय कमी कामं आहेत, की त्यात ट्रॅक्टरचंही तिनंच बघायचं?' प्रश्न अगदी रास्त आहे. रानातलं काम, गोठा, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, यात आणखी एका कामाची भर घाला असं सांगायचं नाहीये. ऑईल बदलायला हात ड्रायव्हरचे असोत, मुलाचे असोत, नवऱ्याचे असोत, बिघडलं काय? आणि बाई ट्रॅक्टरखाली शिरत असेल, तर त्या दिवशी चूल दुसऱ्या कुणी पेटवली तरी चालेल की! मुद्दा कष्टाचा नाही, माहितीचा आहे. ज्याला कळतं, त्याला विचारलं जातं. जिला कळत नाही, तिला नुसतं बिल दाखवलं जातं. फिल्टर खरंच बदलला की नुसता पुसला, तेल किती लिटर घातलं, हे विचारणारी मालकीण समोर असेल तर मिस्त्रीही जपून बोलतो. जुना फिल्टर परत मागून बघायला काहीच हरकत नाही.

यासाठी एकच साधन लागतं, वही. दुधाची, किराण्याची, बचत गटाची वही आपण ठेवतोच. तशीच ट्रॅक्टरची. पाच रकाने आखायचे. तारीख, मीटरवरचे तास, काय बदललं, किती पैसे लागले आणि पुढची वेळ किती तासांवर. मीटर बंद असेल तर रोज किती वेळ चालला ते हातानं लिहायचं. भाड्यानं दुसऱ्याच्या शेतात गेला, तर तेही तास यातच येतात आणि भाड्याचा हिशेबही आपोआप पक्का होतो. ड्रायव्हर बदलला, मिस्त्री बदलला, तरी वही बदलत नाही. ट्रॅक्टर विकायला काढला, तर अशी वही दाखवता येणाऱ्याला दोन पैसे जास्त मागता येतात.

शिकायचं कुठं? जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात महिलांसाठी यंत्र-देखभालीचं प्रशिक्षण ठेवा, असा अर्ज बचत गटाने द्यावा. दहा-वीस सह्या असल्या की अर्जाला वजन येतं. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो, तो मुलींनाही खुला आहे. मध्य प्रदेशात बुदनीला तर केंद्र सरकारची शेती यंत्रांचं प्रशिक्षण देणारी संस्था १९५५ पासून आहे. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या शेतकरी महिलांच्या नावे जाहीर केलं. अशा वर्षांत भाषणं होतात, हारतुरे होतात. त्या निमित्ताने एखाद्या गावात वीस बायकांनी मिळून एका ट्रॅक्टरचं ऑईल बदलून पाहिलं, तर ते भाषणापेक्षा जास्त दिवस टिकेल.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी एवढंच करा. कपाटात पडलेलं ट्रॅक्टरचं पुस्तक काढा. पुस्तक इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा, तीही शिकेल. मीटरवरचा आजचा आकडा बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग विचारा, शेवटचं ऑईल कधी बदललं होतं? घरात कुणाला सांगता आलं नाही, तर वही आजपासूनच का सुरू करायची, ते तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.