जादूटोणाविरोधी कायदा : विरोध नेमका कशाला होता?

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी कायदा व्हावा, असा ठराव महाराष्ट्राच्या विधान परिषदेत १९९५ साली संमत झाला. प्रत्यक्ष कायदा संमत होण्यास डिसेंबर २०१३ उजाडला. या अठरा वर्षांत मुख्यमंत्री बदलले, मसुदे बदलले, मसुद्यांची नावेही बदलली. न बदलता राहिले ते वृत्तपत्रांनी रेखाटलेले एकच चित्र. एका बाजूला विवेक आणि विज्ञान, दुसऱ्या बाजूला वारकरी, कीर्तनकार आणि हिंदुत्ववादी संघटना, म्हणजे पर्यायाने अज्ञान. हे चित्र काढणाऱ्यांपैकी किती जणांनी विधेयकाचा मसुदा मुळातून वाचला होता, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला नाही. आज मात्र तो विचारता येतो, कारण २००५ चा मसुदा आणि २०१३ चा अधिनियम हे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

कायद्याची निकड खोटी होती, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी गुप्तधनाच्या हव्यासापोटी जे बळी घेतले गेले, त्या हत्याकांडाने सारा महाराष्ट्र हादरला होता. करणी केल्याच्या संशयावरून एखाद्या विधवेला गावाबाहेर काढणे, साप चावलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली आजारी सुनेला मिरचीची धुरी देणे हे प्रकार खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. अशा कृत्यांना धर्माचा आधार नाही. संत गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन देवापुढील पशुहत्येवर कोरडे ओढले ते कीर्तनाच्याच व्यासपीठावरून, आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आजही अनेक पुरोगाम्यांना पेलणार नाहीत इतके धारदार आहेत. तेव्हा हिंदुत्वाचा विचार आणि भोंदूगिरीला अभय यांची सांगड घालणे हा निव्वळ खोडसाळपणा होता.

मग विरोध कशाला होता? विरोध होता तो शब्दांना. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने तयार झालेला मसुदा २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळापुढे आला आणि पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये विधानसभेने विधेयक संमत केले. त्यात एक खुलाशाचे कलम होते. कोणत्याही व्यक्तीवर मानसिक, शारीरिक वा आर्थिक परिणाम न करणाऱ्या धार्मिक विधींना हा कायदा लागू होणार नाही, असा त्याचा आशय. वरवर पाहता हे कलम अभय देणारे वाटते. पण कायदा वाचण्याची रीत अशी की, सूट ज्या अटीवर दिली जाते ती अट आधी तपासावी. मानसिक परिणाम न करणारा धार्मिक विधी जगात कोणता? ज्याचा मनावर परिणाम होत नाही तो विधी करायचा तरी कशासाठी? एकादशीच्या उपवासाने शरीरावर परिणाम होतो, पुरोहिताला दिलेल्या दक्षिणेने खिशावर होतो आणि विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकताना मनावर होतो. म्हणजे अभय म्हणून लिहिलेल्या वाक्यानेच अभयाबाहेर काय काय राहील, याची सीमा पुसून टाकली होती.

वारकऱ्यांची भीती याहून अधिक मूर्त होती. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदविले, निर्जीव भिंत चालविली, तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरून वर आली हे प्रसंग कीर्तनात शतकानुशतके सांगितले जात आहेत. कीर्तनकाराला बिदागी मिळते, हेही उघड आहे. दुसरीकडे तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे आणि चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसविणे हा गुन्हा ठरणार होता. भिंतीची कथा सांगणारा कीर्तनकार आणि हवेतून अंगठी काढणारा बुवा यांच्यातील फरक सभागृहातील सदस्याला कळत असेल, विधेयकाच्या शब्दांना तो कळत होता का? तालुक्याच्या ठाण्यातील अंमलदाराने तो कशाच्या आधारे ठरवायचा? देहू-आळंदीच्या फडांवर विचारला गेलेला हा प्रश्न खरे तर उत्तम वकिलाने विचारावा असा होता. त्याला ‘प्रतिगामी’ हे उत्तर मिळाले.

याच सुमारास विरोधकांच्या बाजूनेही एक मोठी चूक घडली आणि तिची नोंद केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिंदू जनजागृती समितीसह अनेक संघटनांनी गावोगाव सभा घेतल्या, निवेदने दिली, आंदोलने केली. कलमवार आक्षेप घेणारे लेखन त्यात होते. परंतु सभेच्या ओघात कलमे मागे पडली आणि घरात सत्यनारायण घातला तरी तुरुंगात जावे लागेल, अशी वाक्ये पुढे आली. टाळ्या त्यांना मिळाल्या. परिणाम असा झाला की, शब्दरचनेवरचा नेमका आक्षेप ज्यांना ऐकायचा नव्हता त्यांना तो न ऐकण्याचे आयते निमित्त सापडले. अतिशयोक्तीने कार्यकर्ता पेटतो, पण विधिमंडळाच्या समितीपुढे ती टिकत नाही. तेथे लागतो कलमाचा क्रमांक, आक्षेपार्ह शब्द आणि त्याऐवजी सुचविलेला शब्द.

आणखी एक आक्षेप होता, जो आजही पुरता निकालात निघालेला नाही. नरबळी हा खूनच आहे, फसवणुकीला भारतीय दंड विधानात शिक्षा होतीच. इतकेच काय, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास वा न करावयास लावणे हा १८६० च्या दंड विधानातील ५०८ व्या कलमाखालीच गुन्हा होता आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम राहिली. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींसाठी १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. मग वेगळा कायदा कशाला? या युक्तिवादात तथ्य आहे, पण अर्धेच. ५०८ व्या कलमाची शिक्षा एक वर्षापर्यंतची, आणि त्याचा आधार घेऊन गुन्हा नोंदविल्याचे सामान्य माणसाच्या ऐकिवातही नाही. जे कलम पोलिसांच्या स्मरणात नाही ते पीडितेच्या काय उपयोगाचे? वेगळ्या कायद्याने निदान कृत्यांची यादी ठाण्याच्या भिंतीवर लावता येते, हा समर्थकांचा मुद्दा मान्य करावयास हवा.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला. हत्येच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष ठरविले. ज्या माणसाशी वाद घालायचा त्याचाच आवाज बंद करणे हा भ्याड गुन्हा तर होताच, शिवाय विधेयकाविषयी सभ्य मार्गाने आक्षेप घेणाऱ्या हजारो वारकऱ्यांचाही तो अपराध होता. २१ ऑगस्टनंतर कलमातील शब्दावर बोट ठेवणारा प्रत्येक जण संशयित ठरला. धर्मरक्षणाचे नाव घेऊन याहून मोठी धर्महानी कोणाला करता आली नसती.

अध्यादेशाची जागा घेणारा अधिनियम डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात संमत झाला. त्याचे नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम. या नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द कोठेही नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती, हे शासनाने ठरवू नये, हा विरोधकांचा मूळ मुद्दा होता आणि तो शीर्षकापासूनच मान्य झाला. गुन्हा ठरतात त्या अनुसूचीतील बारा कृत्ये. भूत उतरविण्यासाठी दोराने वा साखळीने बांधून मारणे, गुप्तधनासाठी बळी देणे वा त्यास चिथावणी देणे, एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे अशक्य करणे, कुत्रा, साप वा विंचू चावलेल्यास औषधोपचारापासून रोखणे, बोटांनी शस्त्रक्रिया करण्याचा वा गर्भाचे लिंग बदलण्याचा दावा करणे, अलौकिक शक्तीने अपत्यप्राप्तीचे आमिष दाखवून स्त्रीचे लैंगिक शोषण करणे, अशी ही यादी आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. या यादीतील एका तरी कृत्याचा बचाव कोणता कीर्तनकार करील?

आणि खुलाशाचे ते जुने कलम? त्याच्या ऐवजी आता नावानिशी सूट आली. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन. प्राचीन व पारंपरिक विद्या आणि कला यांचे शिक्षण. कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, वास्तुशास्त्राविषयीचा सल्ला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे आणि त्यांचा प्रचार करणे हा गुन्हा नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. पैठणचा रेडा आणि ज्ञानोबांची भिंत महाराष्ट्राच्या कायद्यात अशी अप्रत्यक्षपणे येऊन बसली! देऊळ, दर्गा, गुरुद्वारा, पॅगोडा, चर्च अशी सर्व प्रार्थनास्थळे एका दमात नमूद झाल्याने कायदा एकाच समाजाकडे बोट दाखवितो, या आक्षेपाचीही धार बोथट झाली. दक्षता अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगणाऱ्या कलमात पीडित व्यक्ती आणि तिचे कुटुंबीय यांच्या तक्रारीचा निर्देश आहे.

हे बदल कोणाच्या उदारतेने झाले नाहीत. वारकरी संघटनांनी हट्ट धरला म्हणून झाले, काही समर्थकांनी समजूतदारपणे शब्द सोडले म्हणूनही झाले. कायदा पातळ केल्याची तक्रार चळवळीतील काही मंडळी अजून करतात. त्यांनी महाराष्ट्राबाहेर पाहावे. कर्नाटकाचा २०१७ चा कायदा, जो तेथे जानेवारी २०२० मध्ये भाजपचे सरकार असताना अमलात आला, आणि गुजरातने ऑगस्ट २०२४ मध्ये संमत केलेला कायदा हे दोन्ही याच धर्तीचे आहेत. गुजरातने तर शिक्षेचे आणि दंडाचे आकडेही महाराष्ट्राचेच ठेवले. महाराष्ट्रातही २०१४ मध्ये सत्तांतर झाले तेव्हा हा कायदा रद्द झाला नाही. २००५ चा मसुदा जसाच्या तसा संमत झाला असता तर त्याचे अनुकरण होणे दूरच, तो राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदासमोर टिकणेही कठीण होते. धर्मस्वातंत्र्यात केवळ मत नव्हे तर विधी आणि आचारही येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ मध्येच सांगून ठेवले आहे.

या जुन्या वादाची आठवण आज काढण्याचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले तेव्हा भूमिका जणू अदलाबदल करून वाटल्या गेल्या. २००५ मध्ये शब्दांवरचे आक्षेप ज्यांना पोटदुखी वाटत होते, त्याच गोटातून आता ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेची व्याख्या संदिग्ध आहे, पोलिसांच्या हाती अमर्याद अधिकार जातील, असे आक्षेप आले. त्यांच्या या नव्या जागृतीवर हसू येणे स्वाभाविक आहे. नक्षलवादाच्या शहरी पाठीराख्यांना आळा घालणारा कायदा हवाच, याविषयीही या पानांच्या वाचकांच्या मनात शंका नसेल. परंतु ‘मानसिक, शारीरिक वा आर्थिक’ या तीन शब्दांवर ज्यांनी आठ वर्षे झुंज दिली, त्यांना दुसऱ्याने व्याख्येवर घेतलेला आक्षेप केवळ माणूस पाहून झिडकारता येणार नाही. वारकऱ्यांचा प्रश्न त्यांच्या टोपीकडे पाहून झिडकारला गेला होता, तोच अन्याय उलट दिशेने करण्यात कसला पुरुषार्थ?

सुदैवाने या वेळी विधिमंडळाने बरी वाट धरली. विधेयक महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम संघटना, असा रोख उद्देशातच स्पष्ट झाला, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढविण्यात आला आणि मग जुलै २०२५ मध्ये ते संमत झाले. ‘तत्सम’ या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न उरतोच. सत्ता आज एका विचाराच्या हाती आहे, उद्या दुसऱ्याच्या हाती असेल. तेव्हा ‘तत्सम’ कोण हे ठरविणारी लेखणीही दुसऱ्याच्या हातात असेल. हा प्रश्न समितीपुढे डाव्या संघटनांनी मांडला. तो मांडण्याचे काम राष्ट्रीय विचाराच्या एखाद्या अधिवक्त्याने अधिक अधिकाराने केले असते, कारण संदिग्ध शब्दाची झळ काय असते, हे आळंदीच्या कीर्तनकाराइतके महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे.