शाळेच्या संडासाचं कुलूप

मुलगी शाळेतून आल्या आल्या मोरीकडे धावते का? पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का? तिला रागावू नका, विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : संडासाला कुलूप, नाहीतर आत पाणी नाही. म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही.

दवाखान्यात नोकरीला असताना अशा कितीतरी मुली मी पाहिल्या. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. पाणी कमी प्यायलं, लघवी दाबून धरली की आत जंतू वाढतात. आम्ही गोळ्या द्यायचो, मुलगी बरी व्हायची आणि काही दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत यायची. गोळीनं कुलूप उघडत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलं आणि मुली यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं शुद्ध पाणी शाळेत हवंच. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मग आपण सभेला का जात नाही? मजुरी बुडते, ठाऊक आहे. चौघीजणी आळीपाळीनं जा. किल्ली कोणाकडे, पाणी कधी येतं, सफाईला कोण, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

सफाईसाठी आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या हाती झाडू दिला, तर तिथंच नाही म्हणा. त्या कामात आपल्या पिढ्या गेल्या. पोर शाळेत शिकायला जातं.

उद्या बाटली रिकामी होऊन घरी आली पाहिजे, एवढंच बघा.