जमीन आहेच, मग शिकायचे कशाला?

ता. 21 डिसेंबर 2022 रोजी सोलापुरात एक विलक्षण मोर्चा निघाला. नवरदेवाच्या पोषाखातील तरुण, काही तर घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लग्नास मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. गर्भलिंगनिदानास मनाई करणारा 1994 चा कायदा कडकपणे अमलात आणावा, ही त्यांची मागणी रास्तच होती. परंतु या दुखण्यास दुसरेही अंग आहे. ज्या मुली आहेत त्या शिकून पुढे गेल्या. आपले मुलगे मागे राहिले.

2025 च्या बारावीच्या परीक्षेत राज्यातील 94.58 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे मात्र 89.51 टक्के. दहावीतही हे प्रमाण अनुक्रमे 96.14 व 92.31 असेच पडले.

मुलांच्या बुद्धीत खोट आहे काय? मुळीच नाही. खोट आपल्या बोलण्यात आहे. 'नाही शिकला तरी जमीन आहेच,' हे आपण लहानपणापासून त्याच्या कानी घालतो. रात्री वीज आली की दारे धरण्यास त्यालाच उठवितो. सकाळची शाळा बुडते. मुलीस कायद्याने वाटा असला तरी तो हाती पडेल असा भरवसा तिला नसतो. म्हणून घरकाम उरकून ती पुस्तक धरते.

आणि ती जमीन तरी किती? आजोबांचे नऊ एकर तीन मुलांत वाटले, प्रत्येकास पुन्हा दोन मुलगे झाले, की नातवाच्या वाट्यास दीड एकर येते. पूर्वी अशा मुलास सोलापूरच्या गिरण्यांचा आधार असे. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी यांचे भोंगे केव्हाच थांबले.

'शिकला तर शेती सोडील,' असे कोणी म्हणतील. परंतु डाळिंबावरील तेल्या अडाणीपणाने हटत नाही. आपल्या केगावास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेथील सल्ला वाचून, समजून, हिशेब ठेवून वापरणारा शेतकरीच पुढे टिकणार.

यावर उपाय मुलींस मागे ओढणे हा खचित नव्हे. शाळा असेल त्याच्या आदल्या रात्री मुलास पाण्यावर धाडू नये. मजूर लावावा किंवा स्वतः जावे. पुस्तकी विद्येत ज्याचे मन रमत नाही, त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालून एक हुन्नर पुरता शिकवावा. जमीन ही मुलाची शिदोरी असावी, शाळा चुकविण्याची सबब नसावी, एवढेच आमचे शेतकरी बंधूंस सांगणे आहे.