मजुरीचा रकाना

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी एका शाळेच्या पटांगणात मुलांचा बाजार भरला होता. सातवीतल्या एका मुलीकडून मी उटण्याची दोन पाकिटं घेतली. एक वीस रुपयाला. मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या... तिला यादी पाढ्यासारखी पाठ होती. सहज विचारलं, "तुला कितीला पडलं गं एक?" तिनं वही उघडली. पट्टीनं आखलेले रकाने, साहित्य आणि पाकिटं मिळून चारशे चाळीस रुपये, भागिले चाळीस नग, बरोबर अकरा. म्हणजे पाकिटामागे नऊ रुपये नफा. मग हळूच म्हणाली, "काका, कुटून वस्त्रगाळ करायला आजीला आणि मला चार संध्याकाळी लागल्या. ते कुठं लिहायचं? सर म्हणाले, ते नाही धरायचं."

ते नाही धरायचं. यंदाच्या दिवाळी अंकाचं हे संपादकीय या तीन शब्दांनी लिहायला लावलं.

शाळेत व्यवसाय आणि तंत्रज्ञान शिकवायचं वारं सध्या जोरात आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली काम शिकावं ही कल्पना. एनसीईआरटीनं सहावीसाठी 'कौशल बोध' हे पुस्तकही काढलं. अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळेसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. मी पाहिलेल्या एका शाळेत त्यातला थ्रीडी प्रिंटर भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवला होता. पाहुणे आले की रुमाल निघतो.

हे सारं नवं आहे असं मात्र कुणी समजू नये. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 साली गेले. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात स्थिरावलेला हा माणूस दुष्काळी गावात विज्ञान आश्रम थाटून बसला. त्यांनी शाळांसाठी रचलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीचा. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा आणि त्यात चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं वेल्डिंग करत, माती तपासत, रक्तगट काढत. पण पाबळचं मर्म विषयांच्या यादीत नव्हतं. मुलांनी गावाची खरी कामं करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे ते मर्म. कुणाचं फाटक मोडलं, ते मुलांनी जोडून द्यायचं. जोड निखळला तर मालक दारात येऊन उभा. असा परीक्षक कुठल्या बोर्डाला नेमता येईल? शिकवायलाही गावातलेच कारागीर. आणि कामाचा हिशेब लिहिताना मालाबरोबर मजुरीही धरायची.

कलबाग 2003 साली वारले. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक तोवर पाबळला आली होती. तिथं यंत्रावर रुमाल नव्हता, कारण यंत्राआधी काम आलेलं होतं.

हातकाम शाळेत आणायचं म्हटलं की आपल्या समाजात एक रास्त शंका उठते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातानं काम करण्यात गेल्या, त्यांच्याच मुलांना पुन्हा रंधा आणि कुदळ देणार का? 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. ही जात टिकवायची युक्ती आहे म्हणून लोक उसळले आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. लोकांचं काही चुकलं नव्हतं. पण आपल्याकडे त्याच्याही आधी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं. ते स्वतः ठेकेदारी केलेले गृहस्थ. घाम कुणाचा आणि खातं कुणाच्या हातात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. राजाजींच्या योजनेत पोरानं बापाचं काम शिकायचं होतं. फुल्यांना त्या पोराच्या हाती हिशेबाची वही द्यायची होती.

म्हणून तो मजुरीचा रकाना मला क्षुल्लक वाटत नाही. मजुरी शून्य धरून काढलेला नफा हा नफाच नव्हे. चार संध्याकाळी, दोन माणसं, रोज दोन तास म्हणजे सोळा तास. ताशी पंचवीस रुपये धरले तरी चारशे होतात. चाळीसही पाकिटं खपली असती तरी नफा तीनशे साठ. म्हणजे मुलगी चाळीस रुपये तोट्यात. प्रत्यक्षात नऊ पाकिटं उरली, आणि भाऊबीज झाल्यावर उटणं घेतो कोण? सुट्टीनंतर शाळेत त्या बाजाराचा हिशेब कुणी मागितला नाही. फोटो मात्र त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर गेले होते. मला विचाराल तर अशा बाजाराचा खरा तास सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी आहे: काय उरलं, का उरलं, आजीच्या हाताचं मोल किती.

आता कुणी म्हणेल, दिवाळी अंकवाल्यांनी मजुरीवर बोलावं म्हणजे कमालच झाली! मान्य आहे. लेखकाला मानधनाऐवजी अंकाची एक प्रत आणि गोड पत्र पाठवायची आपली परंपरा जुनी, आणि आमच्या वहीतही तो रकाना बरीच वर्षं कोराच होता. यंदा अंकाची किंमत पन्नास रुपयांनी वाढली आहे, ती त्यापायी. लेखक, चित्रकार आणि मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचे चेक अंक छपाईला जाण्याआधी रवाना झाले. वाचकांनी ही वाढ सांभाळून घ्यावी, ही विनंती.