कोकणात ऊन कमी, उकाडा जास्त

मे महिन्यात सोलापूरहून तारकर्लीला निघालेले कुटुंब आधी मोबाइलवर तापमान पाहते. घरी ४१, मालवणला ३४. सात अंशांची सुटका झाली, अशा आनंदात गाडी घाट उतरते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे वाळूत असतात. संध्याकाळी आजोबांना चक्कर येते, नातवाला उलट्या सुरू होतात आणि दोष दुपारच्या माशांच्या ताटावर जातो. बऱ्याच वेळा त्यात बिचाऱ्या सुरमईची काहीच चूक नसते.

घाटावरचा माणूस ‘ऊन लागले’ म्हणतो, कोकणातला ‘उकडते आहे’ म्हणतो. या दोन शब्दांत सगळे शास्त्र आले. शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे काम इतके झटपट होते की सदरा भिजल्याचेही कळत नाही. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असते. तिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी गेले, मीठ गेले, थंडावा मात्र मिळाला नाही.

म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करते, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांवरच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशीची अधिकृत नोंद ३८ अंशांच्या आसपासची होती. विदर्भात एप्रिलमधल्या या आकड्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

त्यात समुद्र फसवतो. दुपारी पाण्यावरून येणारा खारा वारा अंगाला बरा वाटतो, त्यामुळे कातडी भाजते आहे हे रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर कळते. पाण्यात डुंबणाऱ्याला तहान फारशी जाणवत नाही. कोणी थंडगार बिअरने ती भागवतो. तिने लघवी वाढते आणि अंगातले पाणी आणखी कमी होते. उकाड्याला शरीर सरावते हे खरे, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. सहल असते तीन दिवसांची.

दुपारी मालवणची बाजारपेठ सामसूम झाली की पर्यटक कुरकुरतात. तो आळस नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या उकाड्यात राहून आलेले शहाणपण आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही. उन्हे चढायच्या आत बाहेरची कामे, दुपारी पडवीत आडवे होणे. पाहुण्यांचे वेळापत्रक नेमके उलटे असते. पहाटेचा सुंदर, रिकामा किनारा ते झोपून घालवतात आणि बारा वाजता वाळूत उतरतात. यात सगळा दोष त्यांचा नाही. अनेक ठिकाणी खोली सकाळी दहाला सोडावी लागते आणि पुढची बाराच्या आत मिळत नाही. मधल्या वेळात म्हाताऱ्या आईला घेऊन जायचे कुठे? निवास न्याहारीवाल्यांनी निघालेल्या पाहुण्याला दुपारभर पडवीत टेकू दिले तर त्यांचे काही बिघडत नाही. किनाऱ्यावर वाहनतळाचे पैसे घेणाऱ्या ग्रामपंचायतींनीही झावळ्यांचा एखादा मांडव आणि पिण्याच्या पाण्याची सोय करायलाच हवी.

मीठ-साखर घातलेले कोकम सरबत बाटलीतल्या शीतपेयापेक्षा केव्हाही चांगले. मात्र रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी पाणी, मीठ आणि गोळी यांचे प्रमाण प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावे. मनाने गोळी बंद करू नये.

उष्माघातात अंग कोरडे पडते, हा समज किनाऱ्यावर धोक्याचा ठरतो. भर दुपारी मेहनत किंवा खेळ करणारा रुग्ण घामाने निथळत असतानाही उष्माघातात जाऊ शकतो. पाहायचे ते डोके ठिकाणावर आहे की नाही. तो असंबद्ध बोलू लागला, चालताना अडखळला, शुद्ध हरपली की १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत राहावे, जोराने वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्न मासळी उतरणाऱ्या गावात सहसा पडत नाही.