आधी प्लग द्या, मग अनुदानाचं बोला

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जालना महानगरपालिका, जालना



२०२३ साली जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली आणि जानेवारी २०२६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. सभागृह नवं आहे, तेव्हा मागण्यांची रांग लागणारच. त्या रांगेत नळाचं पाणी सगळ्यांत पुढे, त्याच्या मागे रस्ते, हेही मान्य. माझी मागणी त्या मानाने स्वस्तातली आहे. शहरातल्या रिक्षावाल्यांना, टॅक्सीवाल्यांना आणि काळी-पिवळीवाल्यांना विजेच्या गाडीवर यायचं असेल तर महापालिकेने त्यांची वाट सोपी करावी.

यावरचं उत्तर मला पाठ आहे. सबसिडी राज्याची, परमिट आणि पासिंग आरटीओकडे, वीज महावितरणची. महापालिकेचा संबंध काय? यातलं निम्मं खरं आहे. मे २०२५ च्या शासन निर्णयाने आलेलं राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत चालणार आहे. त्यात चारचाकी टॅक्सीला जास्तीत जास्त २ लाख रुपये आणि प्रवासी तीनचाकीला ३० हजार रुपये आहेत, शिवाय मोटार वाहन कर माफ. ऐकायला छान वाटतं. पण हे पैसे अख्ख्या राज्यात २५ हजार टॅक्सींना आणि १५ हजार प्रवासी तीनचाकींनाच मिळायचे आहेत. १५ हजारांना ३६ जिल्ह्यांनी भागा. वाट्याला चारशेच्या आसपास गाड्या येतात, आणि पुणे, ठाणे, नागपूर काही आपली वाट बघत थांबणार नाहीत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत तर टॅक्सीच्या चारचाकीला खरेदीचं अनुदानच नाही. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या फेम-२ मध्ये ते होतं.

त्यात आपलं नशीब असं की यादीत आपलं नाव नसतंच. २०२१ च्या राज्य धोरणाने सार्वजनिक वाहतूक विजेवर आणण्यासाठी सहा शहरी पट्टे निवडले होते. त्यांत तेव्हाचं औरंगाबाद होतं, जालना नव्हतं. महिलांच्या पिंक ई-रिक्षा योजनेसाठी आठ शहरं निवडली, त्यांतही साठेक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर आहे, आपण नाही. म्हणजे मुंबईहून काही चालत येईल या भरवशावर बसलो तर बसूनच राहू.

आता रिक्षावाल्याच्या बाजूने हिशेब मांडतो. पेट्रोलची रिक्षा लिटरला पंचवीस किलोमीटरचं ॲव्हरेज देते असं धरा आणि पेट्रोल शंभराच्या वर. किलोमीटरला चार रुपये गेले. विजेची तीनचाकी आठ-दहा युनिटांत शंभर किलोमीटर जाते. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी किलोमीटरला रुपयाच पडतो. मामा चौक, बसस्थानक, भोकरदन नाका, पूल ओलांडून स्टेशन आणि परत, असं करत दिवसाला ऐंशी किलोमीटर होत असतील तर रोजचे सव्वादोनशे-अडीचशे रुपये वाचतात. महिन्याला सहा हजार. विजेची गाडी लाखभर रुपयांनी महाग पडत असली तरी दीड-दोन वर्षांत फरक भरून निघतो. हा हिशेब स्टँडवरच्या पोरांना माझ्यापेक्षा चांगला येतो. मग ते गाडी का घेत नाहीत?

सदर बाजाराच्या आतल्या गल्लीत राहणाऱ्या एकाने घेतली. रात्री त्याची गाडी कशी चार्ज होते ते मी बघितलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीतून वायर खाली सोडलेली, मधे शेजारच्यांच्या धुण्याच्या दोरीला गाठ मारून अडकवलेली. खाली नालीच्या काठावर विटेवर एक्स्टेंशन बोर्ड, आणि पाऊस आला तर म्हणून त्यावर दुधाची रिकामी पिशवी ताणून बसवलेली. बोर्ड तापला की प्लास्टिकचा वास वर खोलीपर्यंत येतो. मग हा उठतो, प्लग काढतो, अर्धा तास थांबून पुन्हा लावतो. मीटर घरमालकाच्या नावावर, त्यामुळे मालक महिन्याला ठोक रक्कम घेतो, गाडी चालो न चालो. हा रिक्षावाला मला म्हणाला, "सर, गाडी परवडते. झोप परवडत नाही."

जुन्या गल्ल्यांत, काद्राबादेत, कन्हैयानगरात हीच गत आहे. ज्यांच्याकडे अंगण, स्वतःचं मीटर आणि गेटच्या आत गाडी लावायची जागा आहे, त्यांना विजेची मोटार आजही परवडते; ते बहुतेक टॅक्सीवाले नाहीत. ज्यांच्या गाड्या दिवसभर पळतात, म्हणजे ज्यांना पेट्रोल-डिझेलवरची बचत सगळ्यांत जास्त होणार, त्यांनाच रात्री प्लग मिळत नाही. खाजगी फास्ट चार्जरवर जावं तर युनिटचा भाव घरच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि धंद्याच्या वेळी तासभर उभं राहावं लागतं ते वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. महापालिकेने गाडी घ्यायला पैसे द्यावेत ही मागणी दुसरी. पहिली मागणी रात्रीच्या प्लगची. प्लगला जागा लागते, आणि जागा राज्याकडे नाही, केंद्राकडे नाही, ती आपल्याकडे आहे.

कुठे, असं विचाराल. शहरातली जलकुंभांची आवारं बघा. टाकीत पाणी कधी चढतं हा विषय आज नको. पण आवाराला कुंपण आहे, फाटक आहे, दिवा आहे आणि वस्तीच्या मधोमध जागा आहे. अशा एका आवारात पंधरा अँपिअरचे वीस प्लग, प्रत्येकाला वेगळं मीटर, वर पत्र्याचं शेड आणि रात्रपाळीचा एक माणूस, एवढं बसवा. वीस तीनचाकींना रात्रीत दीडशे-पावणेदोनशे युनिट लागतात. त्याचं बिल दोन हजारांच्या आत, आणि तेही चालकच भरणार. चार्जिंग स्टेशन चालवायला वेगळा वीज परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. महावितरणकडून जोडणी घ्यायची आणि दर फळ्यावर लिहायचा. महापालिकेच्या व्यापारी संकुलांचे वाहनतळ रात्री रिकामे असतात, तिथेही हेच करता येईल. फास्ट चार्जरचं उद्घाटन करून फोटो छापून आणायचा मोह होईल. तो आवरावा. रिक्षावाल्याला रात्रीचे आठ तास आणि साधा प्लग पुरतो.

ज्यांच्या घरी सोय होऊ शकते त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. घरी चार्जिंगची सोय करणाऱ्याला स्थानिक संस्थांनी मालमत्ता करात सूट द्यावी, असं २०२१ च्या धोरणातच सुचवलं होतं. भाडेकरू रिक्षावाल्याला प्लग देणाऱ्या घरमालकाला ही सूट मिळाली तर दुसऱ्या मजल्यावरून लटकणारी वायर खाली, भिंतीतल्या बॉक्समध्ये येईल. यात रोख पैसा द्यावा लागत नाही. थोडा कर सोडावा लागतो, एवढंच.

पैशाचं बोलायचं तर एका यादीत मात्र जालन्याचं नाव आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, ज्यांची हवा मानकांत बसत नाही अशा शहरांत आपण आहोत. त्या कार्यक्रमातून येणारा निधी विजेच्या वाहनांच्या सोयींवरही खर्च करता येतो. खरं बोलायचं तर रिक्षा विजेवर आल्याने जालन्याचं आभाळ निळं होणार नाही. आपली हवा बिघडते ती उखडलेल्या रस्त्यांच्या धुळीने आणि पोलादाच्या भट्ट्यांनी, आणि राज्यातली बरीच वीज अजून कोळशावरच तयार होते. पण सिग्नलला रिक्षाच्या मागे दुचाकीवर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर धूर येतो, तो तरी थांबेल. आणि चालकाच्या घरात महिन्याला सहा हजार राहतील. माझ्या मते दुसरं कारण पहिल्याहून मोठं आहे.

महापालिकेने चालकाला थेट पैसे देणं हेही काही जगावेगळं नाही. रिक्षांना सीएनजी किट बसवण्यासाठी पुणे महापालिकेने रिक्षामागे १२ हजार रुपये दिले होते. पुण्याची तिजोरी आपल्यापेक्षा मोठी, मान्य. म्हणून लहान गावाचं उदाहरण देतो. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचं शहर आहे, वस्ती दीड लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपणच २ लाख ८५ हजार होतो. तिथल्या नगर परिषदेने शहरात ठिकठिकाणी चार्जिंगची केंद्रं उभारली, आणि ब्रिटनमधल्या विजेच्या टॅक्सींच्या मोठ्या ताफ्यांत त्या छोट्या शहराचं नाव आलं. इतकं लांब जायचं नसेल तर संभाजीनगरात बघा. तिथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन दोनशेहून अधिक विजेच्या मोटारींची एकगठ्ठा खरेदी ठरवली. रिक्षावाल्यांच्या वतीने अशी घासाघीस कोण करणार? महापालिकेने पन्नास चालकांची नावं एकत्र करून डीलर आणि बँकेला समोर बसवलं तर भावही उतरेल आणि व्याजही. मुद्रा कर्जात रिक्षा-टॅक्सी बसते, अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. पण कागद जुळवता जुळवता माणूस कंटाळतो आणि खाजगी फायनान्सकडे जातो. दोन हप्ते चुकले की गाडी ओढून नेतात. महापालिकेत आठवड्यातून एक दिवस कागद जुळवून देणारी एक खिडकी उघडा. यापेक्षा स्वस्त अनुदान मला माहीत नाही.

तीन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या.

शिसे-आम्ल बॅटरीच्या हळू चालणाऱ्या स्वस्त ई-रिक्षांना एक पैसा देऊ नका. त्यांची बॅटरी लवकर बसते, नवी घ्यायला पैसे नसतात आणि गाडी घरापुढे सडते. लिथियम बॅटरीच्या, कंपनीची लेखी हमी असलेल्या गाड्यांनाच मदत द्या. आपल्याकडचा उन्हाळा बघता हमीचा कागद हातात असलेला बरा.

दुसरं, ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने विजेच्या प्रवासी गाडीला परमिट लागत नाही. यामुळे जुने परमिटवाले धास्तावले आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही. आधीच स्टँडवर नंबर लागायला तास जातो; त्यात नव्या गाड्या वाढल्या तर प्रत्येकाच्या खेपा कमी होतील. म्हणून मदत फक्त बदलीला द्या. जुनी गाडी मोडीत निघाल्याचा दाखला आणला तर प्लगचा पास आणि स्टँडवर जागा, नाहीतर नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. कित्येक रिक्षा चालवणाऱ्याच्या नावावर नसतात. मालक एक, त्याच्या गाड्या पाच, आणि चालवणारा रोजचं ठरलेलं भाडं देऊन उरेल ते घरी नेतो. अनुदान गाडीच्या कागदावर दिलं तर ते मालकाला मिळेल आणि भाडं दहा रुपयांनीसुद्धा कमी होणार नाही. म्हणून बॅच ज्याच्या खिशाला आहे त्याच्या नावावर मदत द्या, आणि एका माणसाला एकच गाडी.

टॅक्सीवाल्यांविषयी थोडक्यात. समृद्धी महामार्गावर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारीला टोल माफ आहे. एप्रिल २०२५ च्या दराने हलक्या गाडीला नागपूर ते आमणे पूर्ण प्रवासाचे १,४४५ रुपये लागत होते. जालना साधारण मध्यावर आहे. मुंबईच्या एका फेरीत जाता-येता किती वाचतात ते टॅक्सीवाला लगेच सांगेल. पण इथून बॅटरी पूर्ण भरून निघता आलं तरच. शहरात खरा फास्ट चार्जर हवा असेल तर तो समृद्धीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हवा, आणि रात्री त्यावर पहिला हक्क हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्यांना हवा.

"जालना, सोन्याचा पाळणा" असं आपण कौतुकाने म्हणतो. बियाणांनी, पोलादाने आणि मोसंबीने या गावाला नाव दिलं. त्या सगळ्या बाजारपेठेतली माणसं रोज इकडून तिकडे नेणाऱ्यांना आजवर महापालिकेकडून मिळाली ती मुख्यतः दंडाची पावती.

येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा: एक जलकुंभ, वीस प्लग, सुरू करण्याची तारीख. ठरावाची प्रत बसस्थानकासमोरच्या स्टँडवर लावा, मराठीत आणि उर्दूतही. पहिल्या वीस जणांची नावं स्टँडवरची मंडळी स्वतः देतील.

आपला,
नवीन जालन्यातला एक करदाता